रुद्रेशचा खेट्यांचा धंदा

शंकरप्पांच्या रुद्रेशला धंद्याची अक्कल सोडून धंद्यातलं बाकी सगळं यायचं. टाय बांधता यायचा, कार्ड छापता यायचं, हात पुढे करून मोठ्यानं "हॅलो" म्हणता यायचं. आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत बापाचं दोरखंडाचं दुकान असताना त्याच्या गल्ल्यावर एक तासभर न बसता अख्खं आयुष्य काढता यायचं. हे काही कमी कसब नव्हे.

दुकान चांगलं होतं. कासरा, दावं, सुतळी, विहिरीचा जाडजूड सोल, सगळं मिळायचं. दुकानावरच घर. पण रुद्रेशला लहानपणापासून सुतळीच्या वासानं शिंका यायच्या. निदान तो तसं सांगायचा. जत्रेत सुतळीचे गोंडे विकायला बसवला तेव्हा एकही शिंक आली नव्हती, हे त्याची आई अक्काताई हिला पक्कं आठवत होतं.

बी.कॉम. कसंबसं पदरात पाडून त्यानं आधी दुकानाच्या कोपऱ्यात एसटीडी बूथ टाकला. काचेच्या खोक्यात बसून स्वतःच मित्रांशी गप्पा मारायचा आणि गिऱ्हाईक बाहेर उन्हात उभं. बूथ मिटला. मग कॉम्प्युटरवर पत्रिका. ते यंत्र ज्याला त्याला परदेशगमनाचा योग सांगायचं. दावं घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यालाही सांगितला. त्याला काठी घेऊनसुद्धा रंकाळ्यापर्यंत जाणं होत नव्हतं. "पावणं, तयारीला लागा," असं रुद्रेश गंभीरपणे म्हणाला होता. मग पेजर आले. त्यानं एकच विकला, तो सख्ख्या बापाला. शंकरप्पा तो धोतराला लावून बसायचे. वरनं शिवलीलानं, म्हणजे सुनेनं, निरोप धाडला की पेजर वाजायचा आणि शंकरप्पा जिना चढून जेवायला जायचे. त्याआधी ती जिन्यातनं नुसती हाक मारायची. जेवण तेच असायचं.

दोन हजार सालच्या दिवाळीनंतर रुद्रेश पुण्याला एका मोठ्या हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला गेला. विकसनशील देशांत इंटरनेटवरनं व्यापार कसा करावा, असा विषय होता. येताना प्लॅस्टिकची फाईल आणली आणि कपाळावर नव्या दोन आठ्या.

"अव्वा," तो म्हणाला. त्यांच्या घरात आईला अव्वाच म्हणत. "आपला देश विकसनशील हाय."

"म्हंजे रं?"

"म्हंजे अजून व्हायचा हाय."

"मग तुझ्यासारखाच की," असं म्हणून अक्काताई लसूण सोलत राहिली.

शिबिरातल्या साहेबानं सांगितलं होतं, माल करू नका, माल साठवू नका. कुणाकडं काय बिनवापराचं पडून आहे ते हेरा, ते कुणाला हवंय ते शोधा आणि मधे बसा. मधे बसायचं म्हटल्यावर रुद्रेशला तो धंदा एकदम पटला. बसायचं काम त्याला पहिल्यापासून जमायचं. सोल लटकायचा त्या फळीवर नवा कॉम्प्युटर आला, सोल जिन्यात गेला आणि येता-जाता माणसं त्यात अडकून पडायला लागली. टेलिफोनच्या तारेतनं इंटरनेट यायचं. ते येताना मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखा आवाज व्हायचा, आणि तो झाला की घरचा फोन बंद. शिवलीला बारावी झालेली, भावाच्या क्लासात हे सगळं शिकलेली. पण तिनं हात लावला की रुद्रेश ओरडायचा, "अगं, तुला न्हाई कळायचं, ह्यात गुंतवणूक हाय!"

वेबसाइटचं नाव ठेवलं देवदारात डॉट कॉम. तिथं काय विकतोस, असं विचारलं की तो म्हणायचा, "सेवा." कसली सेवा ते कुणालाच कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणूनच शंकरप्पांना वाटलं, काहीतरी मोठं असेल.

अक्काताईला त्या दिवसांत दुसरंच डोक्यात होतं. मागच्या श्रावणात तिची लेक सुष्मिता निपाणीत बाळंतपणात अडली. दवाखान्यातल्या बाकावर अक्काताई रात्रभर बसलेली. आतनं कुणी बाहेर येईना, आलं तर बोलेना. तेव्हा तिनं जोतिबाला नवस बोलला, "माय-लेकरू घरला आलं तर पाच खेटे घालीन." दोघी आल्या. पोरगी आता बाळसं धरून मुठी चोखत होती. देवानं त्याचं केलं होतं. आता हिचं राहिलं होतं.

कोल्हापुरात खेटे कुणाला सांगावे लागत नाहीत. माघातल्या पहिल्या रविवारापासून पाच रविवार पंचगंगेत आंघोळ करायची आणि अनवाणी चालत जोतिबाचा डोंगर चढायचा. वडणगे, निगवे, कुशिरे, मग चढण. पाच म्हणजे पाच, एकाच हंगामात. मधे एक चुकला तर पुढच्या वर्षी पहिल्यापासून. घरातलं माणूस अंथरुणाला असलं तर दुसऱ्यानं त्याच्या नावानं चाललेलं चालतं, पण ते देवाला तोंडानं सांगावं लागतं. अक्काताईची साठी उलटलेली, उजवा गुडघा पायरी दिसली की आधीच कण्हायचा. तरी ती निघाली.

पहिला खेटा घालून संध्याकाळी घरी आली, मोरीवर पाय धुवायला बसली, तर रुद्रेश धावत आला.

"अव्वा, थांब! धुऊ नको पाय!"

"का रं बाबा?"

"असू देत तशेच. धूळ दिसू दे. जरा हिकडं कर तळवे." आणि त्यानं कुणाचा तरी मागून आणलेला कॅमेरा काढला.

अक्काताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पोराला आईच्या पायांची किंमत कळली, असं तिला वाटलं. आईला असलं काहीतरी वाटतच असतं. तिच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती, म्हणून तिनं लाजून पाय आखडला. "राहू दे, राहू दे, करंगळी छान दिसतीया. एकदम ओरिजिनल," रुद्रेश म्हणाला. त्या रात्री त्यानं पाय चेपले नाहीत, तेल दिलं नाही, पण फोटो काढला म्हणून ती दोन दिवस शेजारीपाजारी सांगत होती.

दुसऱ्या रविवारी पहाटे त्यानं तिच्या हातात पिशवी दिली. आत नारळ.

"एवढे कुणाचे रं?"

"पेठेतल्या लोकांनी दिल्यात. तू चाललीयासच की, देवाम्होरं ठेव."

तिनं नेले. देवाचं काम, नाही कसं म्हणायचं? तिसऱ्या रविवारी पिशवी फुगली. चौथ्याला तर पिशवीच्या बंदानं खांद्यावर वळ उठला आणि कुशिऱ्याच्या पुढं ती दगडावर मटकन बसली. बरोबरच्या बायका म्हणाल्या, "अक्का, पेठेत एवढा भाविकपणा कधी आला गं? आमास्नी तर कुणी नारळाची शेंडी बी दिली न्हाई." अक्काताई हसली. वर गेल्यावर दम असा लागलेला की गाभाऱ्यासमोर तोंडातनं एकच वाक्य निघालं, "ज्यांचे नारळ हायत त्यांचं भलं कर." पिशवी रिकामी करून मागच्या रेट्यानं बाहेर आली, आणि गुलालात उभी असताना तिच्या ध्यानात आलं, आपलं सुष्मिताचं सांगायचं राहिलंच. पुढच्या रविवारी सांगू म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

त्या गुरुवारी दुकानात एक बाई आली. पंजाबी ड्रेस, पायात चांगल्या चपला, पण बोलण्यात अस्सल गावची. रुद्रेश नव्हता. तो कुठल्याशा कॉलेजात "तरुणांनो, उठा" असं भाषण द्यायला गेला होता. एरवी तो स्वतः आठ वाजल्याशिवाय उठत नसे.

"मी स्नेहल," ती म्हणाली. "गडमुडशिंगीची. आता पुण्यात असते. देवदारातवाले इथंच का? मला त्या मावशींना भेटायचंय. माझ्या वडिलांचे खेटे घालतात त्या."

"कंच्या मावशी?" शंकरप्पांनी विचारलं.

"नाव नाही हो माहीत. फक्त पाय बघितलेत." एवढ्यात अक्काताई वरनं तांब्या घेऊन आली, मागोमाग शिवलीला, आणि स्नेहल बघतच राहिली. मग खाली वाकली आणि अक्काताईच्या डाव्या पायाला हात लावून म्हणाली, "ह्याच की! ही करंगळी!"

अक्काताईला काही उमजेना. शिवलीलाला मात्र उमजलं. तिनं पदर खोचला, फळीपाशी गेली आणि नवऱ्यानं हात लावू न दिलेलं ते यंत्र सरळ सुरू केलं. मांजराची शेपटी सापडली. पडद्यावर चित्र वरनं खाली, चुलीवरच्या दुधावर साय धरावी तसं सावकाश यायला लागलं. आधी लुगड्याचा काठ आला, मग घोटा. मग बराच वेळ काहीच नाही. मग बोटं आली, आणि सगळ्यात शेवटी ती करंगळी.

"काय लिवलंय गं खाली?" अक्काताईनं विचारलं.

शिवलीलानं वाचून दाखवलं. "आमचे अनुभवी चालणारे आपल्या वतीनं पाच खेटे पूर्ण करतील. जगात कुठंही असा, पुण्य आपल्या दारात."

"चालणारे कोण?"

"अत्ती," शिवलीला सासूला म्हणाली, "चालणारे तुमीच."

स्नेहल ओट्यावर बसली. तिचे वडील गुंडू अर्धांगानं पडून होते. त्यांचा जुना बोललेला नवस, आणि दर रविवारी म्हातारा विचारायचा, कुठवर आलं गं, कुशिरं गेलं का? "मला रजा मिळेना म्हणून घेतलं हो," ती म्हणाली. "मला वाटलं, खास आमच्यासाठी कुणी चालतंय."

"अजून किती जणांचे हायत?"

शिवलीलानं पडद्यावर बघितलं. "बरेच हायत, अत्ती. मस्कत, बेंगळूर, अमेरिका."

अक्काताईनं तांब्या खाली ठेवला. तिला पैशाचं सुचलंच नाही. तिच्या डोक्यात एकच फिरत होतं. आपण चार रविवार चाललो ते कुणाचे? नारळ त्यांचे, नाव घेतलं त्यांचं, पाय आपले. मग सुष्मिताचं फिटलं का नाही फिटलं?

रुद्रेश दिवेलागणीला आला, गळ्यात हार, हातात श्रीफळ. स्नेहलला बघून त्यानं हात पुढे केला, "हॅलो! आमच्या सेवेबद्दल..."

"रुद्र्या, हिकडं ये," अक्काताई म्हणाली. "माझे खेटे तू विकलेस?"

"विकले म्हंजे... अव्वा, तू समजून घे. तू चालणारच हुतीस की! तुझं चालणं नुसतं वाया जात हुतं. तेला आपण बाजार मिळवून दिला."

"वाया जात हुतं?"

"आणि तुझं काय कमी झालंय काय? हे बघ, कॉम्प्युटरात फाईल कॉपी केली तर मूळची फाईल हाय तशीच राहते. तुझं पुण्य तसंच हाय. त्यास्नी कॉपी दिली."

"व्हय? मग माझ्या गुडघ्याची बी एक कॉपी काढ की लेका. एक दुखतोय तवर दुसरा वापरीन."

शंकरप्पांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं.

"हसू नका अप्पा! ह्याला स्केल म्हणत्यात. एकानं चालायचं, अकरा जणास्नी पोचवायचं. पुढच्या वर्षी शंभर."

"देवाला सांगितलंस काय ह्यातलं?" अक्काताईनं विचारलं.

"देवाला कशाला सांगायचं? सिस्टीमला नोंद हाय की."

हे ऐकून स्नेहल उठली. तिला वाटलं होतं, निदान तेवढं तरी झालं असेल. "म्हणजे माझ्या बाबांचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही?"

"मॅडम, तुमास्नी कन्फर्मेशन मेल आला न्हाई काय?"

अक्काताईनं लेकाकडं बघितलं. बाजारात सडका कांदा उचलून बाई बघते आणि परत ठेवून देते, तसं. "रविवारी तू माझ्यासंगं येणार," ती म्हणाली. "पायात काय न घालता. आणि नारळ तू घेणार."

"अव्वा, रविवारी माझी मीटिंग..."

"शिवलीला, ती तार काढ गं." शिवलीलानं टेलिफोनची तार भिंतीतनं ओढली. रुद्रेशचा चेहरा असा झाला की जणू त्याचीच वायर निघाली.

पाचव्या रविवारी पंचगंगेवर चौघं होती. अक्काताई, शिवलीला, रजा वाढवून थांबलेली स्नेहल, आणि नारळाची पिशवी खांद्यावर घेतलेला रुद्रेश. घाटावरच्या खडीवर पहिलं पाऊल टाकलं आणि तो "आई गं" म्हणाला. वडणग्यापर्यंत त्यानं तीनदा बूड टेकलं. निगव्याच्या अलीकडं तळपायाला फोड आला. तो फोड त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवला. एका म्हातारीनं वाकून बघितला आणि म्हणाली, "हे व्हय? माझ्या नातवाला डास चावला तर ह्याहून मोठं येतंय."

कुशिऱ्याच्या वाटेवर तो मागे पडला. पुढं थोड्या वेळानं शेजारनं भाड्यानं माणसं वाहणारी एक वडाप जीप गेली, माणसांनी ठासून भरलेली. मागच्या दांडीला धरून रुद्रेश उभा होता, पायात कुणाच्या तरी मागून घेतलेल्या चपला. "अव्वा, मी पुढं जाऊन रांग धरतो!" असं ओरडला आणि धुळीत दिसेनासा झाला. पिशवी मात्र त्यानं रस्त्याकडंला ठेवली होती. देवाचे नारळ चोरीला जात नाहीत एवढा त्याचा देवावर विश्वास होता.

शिवलीलानं पिशवी उचलली. स्नेहल म्हणाली, "द्या माझ्याकडं." मग तिघी आळीपाळीनं नेत राहिल्या. स्नेहलच्या पायातनं रक्त यायला लागलं होतं, पण ती कुणाला दाखवत नव्हती.

"तुझ्या बापाला काय सांगशील?" अक्काताईनं चढणीवर विचारलं.

"खरं सांगीन. एकच घातला म्हणून."

अक्काताईनं पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. चढताना ती मनाशी विचार करत होती. ह्या पोरीच्या बापानं काय गुन्हा केला? त्या मस्कतवाल्यानं, अमेरिकेतल्या बाईनं काय केलं? त्यांनी पैसे दिले, विश्वास ठेवला, आणि आपल्या पोटच्या पोरानं त्यांना एका म्हातारीच्या करंगळीचा फोटो दिला. आणि आपण? आपण तीन रविवार त्यांचेच नारळ वाहिले, त्यांचंच भलं कर म्हटलं. देवानं ऐकलं असेल तर तेच ऐकलं असेल. मागच्या रविवारी तर सुष्मिताचं त्याच्या कानावर पडलंच नाही, आणि एक चुकला की पाचही गेले. मग उगाच अर्धं तुझं, अर्धं माझं करून देवाशी घासाघीस कशाला? ती दोरवाल्याची बायको होती. एक गाठ दोन जनावरांना मारली की दोन्ही सुटतात, हे तिला पेठेत शिकायला मिळालं होतं.

वर गाभाऱ्यापाशी गुरव ओळखीचा. तो म्हणाला, "या अक्का. पाचवा न्हवं आज? लेकीचं फिटलं म्हणा." पुरणपोळीचा निवद ती घेऊनच आली होती, पाचवा म्हणून.

"पाचवा हाय," अक्काताई म्हणाली, "पण लेकीचा न्हाई."

"मग कुणाचा?"

"मुडशिंगीच्या गुंडूचा. ही त्याची लेक. आणि बाकीचे... त्यांची नावं मला ठावं न्हाईत. ती आमच्या दुकानातल्या डब्यात हायत. माझ्या पोरानं त्यास्नी फसवलंय, देवा, म्हणून हे पाचही त्यांचेच. मी तोंडानं सांगतीया. लेकीचे मी पुढच्या माघात घालीन."

शिवलीला दचकली. "अत्ती, पहिल्यापासून? पाचही? तुमचा गुडघा..."

"गुडघा माझाच हाय. निदान तो तरी अजून कुणाला विकलेला न्हाई."

स्नेहल रडायला लागली. गुरवानं एकेक नारळ फोडला आणि दर नारळाला "चांगभलं" म्हणाला. तेवढ्यात गर्दीतनं रुद्रेश पुढं घुसला. त्यानं शेवटचं तेवढं ऐकलं होतं आणि त्याचं तोंड उजळलं होतं.

"अव्वा! म्हंजे सगळ्यांचे पुरे झाले की! सर्व्हिस डिलिव्हर्ड! मी आजच सगळ्यास्नी मेल टाकतो."

अक्काताईनं निवदातली एक पोळी मोडून त्याच्या हातात दिली. तोंड बंद राहावं म्हणून. "मी दिले ते फुकट दिले," ती म्हणाली. "फुकट दिलेल्याचे पैसे घेत न्हाईत. उद्या सगळ्यांचे परत कर. तुझा बा तो डबा विकणार हाय."

"पण अव्वा, पुढच्या वर्षीचं बुकिंग..."

"पुढच्या माघात बी ये की बुकिंग घेऊन. तू पुढं चालायचं, मी मागनं. जीप आली की तुझं धोतर धरायला तुझ्या बाचा कासरा आणते."

"मी पँट घालतो, अव्वा."

"मग पँट धरीन."

कॉम्प्युटर विकला. सोल पुन्हा फळीवर आला आणि जिन्यातनं माणसं पडायची थांबली. स्नेहलनं पैसे परत घेतले नाहीत. पुढं तिनं बापाला उचलून जीपमधनं डोंगरावर नेलं आणि देवासमोर खुर्चीत बसवलं, असं तिनं शिवलीलाला फोनवर सांगितलं. रुद्रेशनं काही दिवस तोंड लांब केलं. मग मोबाइल आले, आणि त्याच्या कपाळावर परत त्या दोन आठ्या दिसायला लागल्या. आता तो मोबाइलवरनं गाई-म्हशींचे भाव सांगायची योजना करत होता. एकदाही म्हशीला हात न लावता.

पुढच्या माघाच्या पहिल्या रविवारी अक्काताई निघाली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. शिवलीला सोबत होती, पाण्याची बाटली तिच्याकडं. रुद्रेश "एका महत्त्वाच्या कामासाठी" आदल्या दिवशीच बेळगावला गेला होता. अक्काताईच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं, तो वर्षभरात आणखी बिघडलेला. चढणीवर दोनदा बसावं लागलं. बायका म्हणाल्या, "अक्का, आता बास की. देव समजून घेतो." ती म्हणाली, "तो समजून घेतो गं. मला सूट घ्यायची न्हाई."

मागच्या खेपेसारखा वर जाऊन दम लागेल आणि तोंडातनं भलतंच निघेल, म्हणून तिनं चढणीच्या वाटेवरच्या गायमुखापाशीच थांबून डोंगराकडं तोंड केलं आणि मोठ्यानं सांगून टाकलं, आजूबाजूची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं.

"हे माझ्या सुष्मिताचे, देवा. तिचे आणि तिच्या पोरीचे. पहिला हाय. ध्यानात ठेव."

मग तिनं शिवलीलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि चढायला लागली.